बाणाचं टोक

भोपाळच्या बरखेड्यातल्या, कारखान्याच्या त्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत पूर्वी शिलाई मशीन होतं. दोन हजार चार साली ते माळ्यावर गेलं आणि त्याच्या जागी कॉम्प्युटर आला. शेजारच्या बायकांना वाटलं, देशकरबाईंनी घरबसल्या टायपिंगची कामं घ्यायला सुरुवात केली. रत्नप्रभाने हा समज कधी खोडून काढला नाही. खरं काय ते सांगायला अर्धा तास लागला असता, आणि तेवढं ऐकून घेणारं कुणी भेटेल अशी तिला आशा नव्हती.

तिचे वडील छप्पन्न साली, राज्यांची फेररचना झाली तेव्हा, सरकारी कचेऱ्यांबरोबर नागपूरहून भोपाळला आलेले कारकून. मुलीचा हात सरळ चालतो हे पाहून त्यांनी तिला आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनच्या कोर्सला घातलं. बाविसाव्या वर्षी ती कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून लागली. इंजिनिअर पेन्सिलीने चित्र काढून देत, ते ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवायचं, एवढंच काम. पण हेड ड्राफ्ट्समन वसंतराव किंमतकर मोठे कडक. मापाच्या रेघेचा बाण नेमका कुठे टेकलाय हे ते भिंग लावून बघत. "पोरी, खाली शॉपमध्ये मशीनवर बसलेला माणूस तुझं चित्र बघतो, तुझ्या साहेबाचं डोकं नाही बघत," ते म्हणायचे. "बाण जिथे टेकेल तिथे तो हत्यार टेकवेल." तेरा वर्षं तिने असे बाण टेकवले.

मग ड्रॉइंगं कॉम्प्युटरवर गेली आणि ट्रेसर लोकांची पांगापांग झाली. कुणी स्टोअरमध्ये गेलं, कुणी टाइम ऑफिसात. रत्नप्रभाला डिझाइन विभागाच्या रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. तिथेच तिची उदय पांढरीपांडेसाहेबांशी गाठ पडली.

साहेब तिच्याहून दोन वर्षांनी लहान, हुशार आणि घाईचे. बोलताना वाक्य अर्धवट सोडून पुढच्या वाक्यावर जायची त्यांना सवय. त्यांचा विषय फिरत्या शाफ्टचा. प्रत्येक शाफ्टचा एक वैरी वेग असतो. त्या वेगाला पोचला की शाफ्ट थरथरू लागतो, आणि तिथेच फिरत राहिला तर बेअरिंग फोडतो, कधी स्वतःच मोडतो. म्हणून मशीन बनवण्याआधी तो वेग किती ते काढावं लागतं. साहेबांनी त्यासाठी घरी बसून, स्वतःच्या वेळात, एक प्रोग्रॅम लिहिला होता. शाफ्टची लांबी-जाडी, बेअरिंगची जागा, वरचं वजन असे आकडे भरायचे. प्रोग्रॅम वैरी वेग सांगायचा. सूत्रं सगळी पुस्तकातली. ऑफिसकडून तशी लेखी परवानगी घेऊन साहेबांनी तो इंटरनेटवर मोकळा ठेवून दिला. कुणीही फुकट उतरवून घ्यावा, उघडून आत बघावं, चूक दिसली तर सुधारून पाठवावी. नाव ठेवलं 'धुरा', हिंदीतला, म्हणजे चाकाचा कणा. रत्नप्रभा ते ऐकून हसली होती. तिच्या आजोळी धुरा म्हणजे शेताचा बांध, ज्यावरून भाऊबंदांची डोकी फुटतात.

"देशकरबाई, याचं मॅन्युअल लिहायचंय," साहेब एक दिवस म्हणाले. "कोणता आकडा कुठे भरायचा, चित्रांसकट. मला तेवढा धीर नाही."

"माझं इंग्रजी बेताचं आहे साहेब."

"बेताचंच हवंय. वापरणाऱ्यांचंही बेताचंच असतं."

त्या एका वाक्यावर तिची पुढची कितीतरी वर्षं गेली. सकाळी साडेपाचला उठून दोन तास आणि रविवारी दुपार. सुरुवातीला ती फक्त लिहायची. मग लोकांची पत्रं येऊ लागली तशी उत्तरं द्यायचं कामही तिच्याकडेच आलं. पोलंडहून कुणी विचारायचं, पान बाराप्रमाणे केलं तरी उत्तर येत नाही. ब्राझीलहून कुणी लिहायचं, तुमची वाक्यं छोटी आहेत, मला सगळं समजलं. असं पत्र वर्षातून एखादंच. बाकी सगळी तक्रारीची, आणि त्यातली निम्मी अशी की जणू रत्नप्रभा त्यांच्या पगारावर आहे. 'दोन दिवस झाले, उत्तर नाही, हे योग्य नव्हे.' ती वाचायची, चहा घ्यायची, उत्तर लिहायची. दोन हजार आठ साली साहेब कारखाना सोडून पुण्याच्या एका खासगी कंपनीत गेले. जाताना म्हणाले, लक्ष ठेवीन. पहिली दोन-तीन वर्षं त्यांनी ठेवलंही. मग सहा-सहा महिने त्यांचा पत्ता नसे. प्रोग्रॅमच्या यादीत लेखक म्हणून त्यांचं नाव पहिलं, त्याखाली परदेशातल्या चौदा जणांची नावं, आणि सर्वांत शेवटी बारीक अक्षरात, 'मॅन्युअल: आर. देशकर'.

थकवा तिला कोणत्या वर्षापासून जाणवू लागला हे तिलाही सांगता आलं नसतं. मान दुखायची, ते वयाचं. पण त्याहून निराळा एक शीण होता. एकच प्रश्न साठाव्यांदा आला की बोटं कीबोर्डवर नुसती पडून राहायची. तिचा नवरा मोहन कारखान्याच्या फायर सेक्शनमधून आधीच रिटायर झाला होता. तो मागच्या अंगणात दोडक्याचा वेल चढवायचा आणि शनिवारी बिट्टन मार्केटला जाऊन नको तेवढी भाजी आणायचा. तो कधीतरी दारातून विचारी, "किती राहिली?"

"संपत नाहीत अहो."

"मग एखाद दिवस नको लिहूस."

"मग उद्या दुप्पट होतात."

दोन हजार एकोणीसच्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी आलेलं पत्र इतरांसारखंच होतं. मजकूर इंग्रजीत, चार ओळींचा. 'आम्ही तुमच्या प्रोग्रॅमवरून एका ब्लोअरचा शाफ्ट बनवला. प्रोग्रॅमने वैरी वेग मिनिटाला अठराशे पन्नास फेरे सांगितला. आमची मोटर चौदाशे चाळीसवर चालते, म्हणजे पुरेसं अंतर होतं. तरी मशीन थरथरून बेअरिंग फुटलं. आमची चूक कुठे झाली ते कळवाल का?' खाली सही, वंदना लांजेवार. आणि त्याखाली पत्ता, इंडस्ट्रियल एरिया, गोविंदपुरा, भोपाळ.

रत्नप्रभाने पत्ता दोनदा वाचला. एवढ्या वर्षांत धुरा वापरणारा एकही माणूस तिने डोळ्यांनी पाहिला नव्हता. ती सगळी माणसं तिच्या लेखी समुद्रापलीकडची. आणि हे गोविंदपुरा, तिच्या क्वार्टरपासून स्कूटरवर पंधरा मिनिटं. तिने उत्तर लिहायला घेतलं, थांबली, आणि फक्त एवढंच लिहिलं: 'मी जवळच राहते. मंगळवारी सुट्टी घेऊन येऊन बघते.'

वर्कशॉप लहान होतं. दोन लेथ, एक वेल्डिंगची जागा, पत्र्याचं छत. वंदना लांजेवार चाळिशीची, ऑइलचे डाग पडलेला ॲप्रन घातलेली. वडिलांमागे तिनेच धंदा सांभाळलेला. नमस्कार झाल्यावर तिने रत्नप्रभाकडे जरा संशयानेच पाहिलं.

"मॅडम, तुम्ही ते मॅन्युअलवाले? मला वाटलं, कोणी फॉरेनचे साहेब असतील."

"मीच. मशीन कुठंय?"

ब्लोअर कोपऱ्यात उघडा पडला होता. एका दालमिलसाठी बनवलेला. शाफ्टच्या एका टोकाला मोठा पंखा, मधे दोन लांबट बेअरिंगं, त्यातलं पंख्याकडचं चिरलेलं. वरचं पत्र्याचं कव्हर फाटून बाहेर वळलं होतं. शेजारी स्टुलावर एक पन्नाशीचा फिटर बसला होता. त्याच्या उजव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत पट्टी.

"हे अनंतभाऊ," वंदना म्हणाली. "ट्रायल घेत होते. कव्हरचा तुकडा उडून लागला. चौदा टाके."

"मी म्हटलं होतं," अनंत शांतपणे म्हणाला. "चालू करताच तळपायाला कळलं. पण कागदावर सगळं बरोबर होतं ना. मग वाटलं, आपलंच काही तरी."

कागद भिंतीवरच लावलेला होता. मॅन्युअलचं पान एकतीस, छापून घेऊन, वर प्लास्टिक चिकटवलेलं, काळ्या बोटांचे ठसे उमटलेलं. त्यावरचं चित्र रत्नप्रभाने स्वतः काढलेलं. शाफ्ट, पंखा, दोन बेअरिंगं आणि पंख्यापासून बेअरिंगपर्यंतच्या अंतराची मापाची रेघ. रेघेच्या टोकाचा बाण बेअरिंगच्या कडेला टेकला होता.

"आम्ही असंच घेतलं," वंदनाने पेन्सिलीने लिहिलेला आकडा दाखवला. "पंख्यापासून बेअरिंगच्या तोंडापर्यंत. दोनशे साठ मिलिमीटर. चित्र तर साफ आहे ना मॅडम."

चित्र साफ होतं, आणि साफ चुकलेलं होतं. प्रोग्रॅम ते अंतर बेअरिंगच्या मध्यापर्यंत धरतो. बेअरिंग बारीक असेल तर फरक नगण्य. पण हे बेअरिंग एकशेवीस मिलिमीटर लांब, त्याचा मध्य कडेपासून साठ आत. म्हणजे खरं अंतर दोनशे साठ नव्हे, तीनशे वीस. पंखा जितका दूर लोंबेल तितका वैरी वेग खाली येतो. रत्नप्रभाने मनातल्या मनात अंदाज बांधला. वैरी वेग थेट मोटरच्या वेगावर येऊन बसत होता.

तिला तेव्हाच सांगता आलं असतं. पण अनंतच्या पट्टीकडे पाहून तिने ते टाळलं. "मी घरी जाऊन हिशोब करून कळवते," एवढंच ती म्हणाली आणि बाहेर आली.

घरी तिने आकडे भरून पाहिले. उत्तर आलं, चौदाशे सत्तर. तिने कॉम्प्युटर बंद केला आणि खोलीतच बसून राहिली. मोहन दोडकी घेऊन आत आला, तिच्याकडे पाहून दोडकी ठेवायची विसरला.

"काय झालं?"

तिने सगळं सांगितलं. आणि मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं तेही. दोन हजार सात साली ते चित्र काढताना तिला शंका आली होती. साहेबांच्या पेन्सिलीच्या चित्रात बाण धड मध्यावर नव्हता, धड कडेवर नव्हता. तिने जाऊन विचारलं होतं, "साहेब, हा बाण मध्यावर घेऊ की कडेवर?" साहेब फोनवर होते. फोनवर हात ठेवून म्हणाले, "घ्या हो कुठेही. वापरणाऱ्याला कळतं ते." आणि तिने कडेवर टेकवला, कारण कडेची रेघ चित्रात आयती होती आणि मध्याची नवी काढावी लागली असती. त्या आठवड्यात सासूबाई दवाखान्यात होत्या. तिला घरी जायची घाई होती.

"बारा वर्षं अहो," ती म्हणाली. "किंमतकरसाहेबांनी तेव्हाच कागद फाडला असता."

मोहनला आगीची चौकशी करणाऱ्या माणसाची सवय होती. आधी काय विचारायचं हे तो जाणून होता. तो म्हणाला, "आता ते चित्र किती लोकांकडे आहे?"

"माहीत नाही. हजारो जणांनी उतरवून घेतलंय."

"मग त्यांना कळवायला लागेल. झोप येत असेल तर झोपून घे आधी. पण कळवायला लागेल."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने पुण्याला फोन लावला. साहेबांचा आवाज तोच, घाईचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे तोडलं नाही, तेव्हाच तिला कळलं की प्रकरण त्यांनाही लागलंय.

"बेअरिंगच्या मध्यापासून मोजतात हे कुठल्याही पुस्तकात आहे, देशकरबाई. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या पोरालाही—"

"पुस्तकात आहे. आपल्या चित्रात नाही."

"ठीक आहे, चित्र बदला. नव्या आवृत्तीत टाका. गाजावाजा कशाला?"

"ज्यांनी जुनं वापरलंय त्यांना कसं कळणार?"

"बरं, टाका एक टीप. पण 'चूक' हा शब्द नको. 'स्पष्टीकरण' म्हणा. माझं नाव आहे त्यावर. इथे कंपनीत लोक मला त्या नावाने ओळखतात. तुम्हाला समजतंय ना मी काय म्हणतोय?"

"समजतंय साहेब. पण बाण मी काढला होता."

"मग तर तुमचंच नाव येईल."

"येऊ दे," ती म्हणाली. धीटपणाने नव्हे, तिला फक्त वाद घालायचं त्राण नव्हतं, आणि 'येऊ दे' हे सगळ्यांत लहान उत्तर होतं.

टीप लिहायला तिला तीन सकाळी लागल्या. एवढी पानं लिहिली, पण स्वतःच्या चुकीबद्दल लिहिताना छोटी वाक्यंही सापडेनात. शेवटी तिने सरळ लिहिलं. पान एकतीसवरचं चित्र चुकीचं आहे. दोन हजार सातपासून चुकीचं आहे. अंतर बेअरिंगच्या मध्यापर्यंत मोजा. ज्यांनी लांब बेअरिंग वापरून मशीन बनवलं असेल त्यांनी चालवण्याआधी पुन्हा गणित करा. या चुकीमुळे एका माणसाला इजा झाली आहे. चित्र मी काढलं होतं. खाली पूर्ण नाव: रत्नप्रभा देशकर.

पण ते लोकांपुढे ठेवण्याआधी ती पुन्हा गोविंदपुऱ्याला गेली. वंदनाने ते छापील पान हातात घेऊन उभ्याउभ्या वाचलं. दोन्ही लेथ चालू होत्या, म्हणून रत्नप्रभाला जरा मोठ्याने बोलावं लागत होतं आणि त्याची तिला लाज वाटत होती. सात सालचं, साहेबांना विचारल्याचंही तिने सांगितलं. न सांगता चाललं असतं.

"म्हणजे तुम्हाला बारा वर्षं माहीत होतं," वंदना म्हणाली.

"शंका होती."

"मॅडम, माझ्या इथे कुणाला वेल्डिंगची शंका असते ना, तर ते माहीत असणंच झालं. मी ते तोडून पुन्हा करायला लावते." तिचा आवाज चढला नव्हता. "आठ दिवस मी रोज रात्री विचार करत होते, माझं कुठे चुकलं. दालमिलवाली पार्टी वडिलांच्या वेळेपासूनची. ते दालमिलवाले म्हणाले, बाईमाणसाला दिलं म्हणून असं झालं."

"मी त्या पार्टीला लिहून देते," रत्नप्रभा म्हणाली. "माझ्या सहीने. चूक मॅन्युअलची होती म्हणून."

"द्या," वंदना म्हणाली. चहाचं विचारलं नाही. अनंत मात्र फाटकापर्यंत आला. "हात भरतोय," तो म्हणाला. "तुम्ही आलात ते बरं केलंत. फोनवरही सांगता आलं असतं." त्याच्या चांगुलपणाने तिला वंदनाच्या रागापेक्षा जास्त शीण आला.

टीप शनिवारी इंटरनेटवर धुराच्या पानावर लागली. मंगळवारपर्यंत त्रेचाळीस पत्रं आली. काहींनी आभार मानले. काहींनी लिहिलं की हे तर उघडच होतं, आम्ही मध्यच धरत होतो. एका परदेशी कारखान्याने कळवलं की त्यांच्या दोन पंख्यांचं गणित पुन्हा केलं, एक बदलावा लागणार आहे, वेळेवर सांगितलंत. एकाने विचारलं, या बाईंना टीप लावण्याचा अधिकार कुणी दिला. रत्नप्रभाने प्रत्येकाला उत्तर दिलं. शेवटच्याला लिहिलं, 'कुणीच नाही.'

गुरुवारी सकाळी तिने पान उघडलं तर पहिल्या वाक्यात 'चुकीचं' जाऊन तिथे 'अधिक स्पष्ट करण्याजोगं' आलं होतं. माणसाला इजा झाल्याची ओळ गायब. अशा ठिकाणी कुणी कोणता शब्द कधी बदलला याची नोंद कायम राहते, आणि नोंद साहेबांच्या नावाची होती, आदल्या दिवशी दुपारी तीनची. तिने जुना मजकूर परत लावला. संध्याकाळी तो पुन्हा बदललेला. तिने पुन्हा लावला. शुक्रवारी पुन्हा बदललेला. पिकल्या केसांची दोन माणसं, एकमेकांशी एक शब्द न बोलता, एकाच वाक्यावर अशी भांडत होती आणि जगातल्या कुणालाही ते दिसत होतं.

तिसऱ्या वेळी तिने मजकूर लावला नाही. साहेबांना पत्र लिहिलं, मराठीत, पहिल्यांदाच. 'साहेब, मी दमले आहे. तुमच्याशी भांडायला मला सकाळचे दोन तास घालवायचे नाहीत. त्या माणसाच्या हाताला चौदा टाके आहेत. मी ते पाहून आले. तुम्ही भोपाळला आलात तर तुम्हालाही दाखवीन. तोवर ती ओळ काढू नका. काढायचीच असेल तर मॅन्युअलवरचं माझं नावही काढा, आणि यापुढची पत्रं तुम्ही बघा.'

बारा दिवस साहेबांचा फोन आला नाही. त्या बारा दिवसांत तिने कॉम्प्युटर उघडला नाही. सकाळी साडेपाचला जाग यायची, मग काय करावं ते सुचायचं नाही. ती मोहनबरोबर पिपलानीच्या रस्त्याने फिरायला जायची. बरं वाटत नव्हतं आणि वाईटही वाटत नव्हतं. तेराव्या दिवशी साहेबांचा फोन आला.

"मी परत लावलंय," ते म्हणाले. "तुमचं होतं तसं. सगळं." मग म्हणाले, "मला आठवलं तुम्ही विचारलं होतं ते. फोनवर मी पुण्याच्या नोकरीचंच बोलत होतो तेव्हा. मला वाटलं होतं, तुम्ही विसरला असाल."

"नाही विसरले."

"माझ्याच्याने आता हे होत नाही, देशकरबाई. पाच वर्षांत मी आत काय लिहिलंय ते उघडूनही पाहिलं नाही. सगळे पासवर्ड, सगळ्या किल्ल्या तुमच्याकडे देतोय. तुम्हीच बघा."

लोक म्हणतील, तिचा विजय झाला. मोहनही तसंच म्हणाला. पण फोन ठेवल्यावर तिच्या मनात आलं ते एवढंच, की आता उरलेलं ओझंही माझ्याकडेच आलं. तिला मॅन्युअल येत होतं. आतलं गणित येत नव्हतं. कुणी प्रोग्रॅममध्ये सुधारणा पाठवली तर ती बरोबर की चूक हे ठरवायचं कुणी?

तिने एक काम हाती घेतलं. मॅन्युअलची सगळी पानं पुन्हा वाचायची, आणि जिथे जिथे कधी शंका येऊन आपण पुढे गेलो, तिथे थांबायचं. दोनशे चौदा पानं. तिने वंदनाला लिहिलं: 'मी वाचते तेव्हा मला जे म्हणायचंय तेच दिसतं. तुम्ही वाचाल का?' उत्तर यायला आठवडा लागला, आणि त्यात नमस्कार नव्हता. 'पान चार, दुसरी ओळ. टोक म्हणजे कोणतं टोक?'

पुढची दोन वर्षं असंच चाललं. वंदनाची पत्रं कधी आठवड्याला, कधी महिन्याने. गोड बोलणं नाही, ख्यालीखुशाली नाही. 'पान एकोणसाठ. हे मला समजलं नाही, अनंतभाऊंनाही नाही.' 'पान ऐंशी. चित्रात पाच छिद्रं, मजकुरात सहा.' रत्नप्रभा सुधारायची आणि पाठवायची. अकरा जागा अशा निघाल्या जिथे माणूस फसला असता. प्रत्येकीबद्दल तिने टीप लावली, तारीख आणि नाव घालून. नंतर नंतर लोकांनी त्या टिपांवर पत्रं लिहिणंही सोडलं. यादीत मॅन्युअलच्या ओळीत तिने दुसरं नाव घातलं, व्ही. लांजेवार. विचारलं तेव्हा वंदना म्हणाली होती, "घाला. पण मी कोणाला उत्तरं देणार नाही, सांगून ठेवते."

प्रोग्रॅमच्या आतल्या बाजूसाठी तिने पहिल्याच पानावर जाहीर लिहिलं, माणूस हवा आहे. पाच जणांनी उत्साहाने कळवलं. तिघे महिनाभरात नाहीसे झाले. एकाला सगळं मुळापासून नव्याने लिहायचं होतं, त्याला तिने नाही म्हटलं. पाचवी सुचेता घारपुरे, नागपूरला एका कॉलेजात शिकवणारी, तिने पहिल्या पत्रात आश्वासन दिलं नाही, फक्त विचारलं, आठवड्याला किती वेळ लागतो. रत्नप्रभाने खरं उत्तर दिलं. सुचेताने लिहिलं, 'एवढा मला जमणार नाही. निम्मा जमेल.' ती राहिली.

दोन हजार तेवीसच्या जुलैत रत्नप्रभा रिटायर झाली. विभागात हार, श्रीफळ, सामोसे. बोलणाऱ्यांनी तिच्या वक्तशीरपणाचं आणि रेकॉर्ड रूममधल्या शिस्तीचं कौतुक केलं. धुराचं नाव कुणी काढलं नाही. कुणाला माहीतच नव्हतं. तिनेही काढलं नाही. क्वार्टर सोडून ती दोघं अवधपुरीच्या दोन खोल्यांच्या घरात गेली. अंगण नव्हतं. मोहनने गॅलरीत कुंड्या मांडल्या आणि दोडक्याला जागा पुरत नाही म्हणून चार दिवस तोंड पाडून बसला.

सामान लागल्यावर तिने कॉम्प्युटर जोडला. एकोणीस पत्रं साठली होती. पहिलं वाचलं, साठाव्यांदा की शंभराव्यांदा आलेला तोच प्रश्न. तिने उत्तर लिहायला घेतलं, मग ते खोडून पहिल्या पानावर एक नवी सूचना लिहिली: यापुढे उत्तरं मंगळवारी आणि शुक्रवारीच मिळतील. सूचना नीट वाचून पाहिली. मंगळवार म्हणजे भारतातला मंगळवार, हेही घातलं, नाहीतर तेवढ्यावरून चार पत्रं आली असती.

"आज कोणता वार?" तिने विचारलं.

"बुधवार," मोहन गॅलरीतून म्हणाला.

तिने कॉम्प्युटर बंद केला, पडदा ओढला आणि भरदुपारी आडवी झाली. शेजारी कुठेतरी बांधकामाचं मशीन चालू होतं. मोहन आत येऊन खिडकी लावू का विचारेपर्यंत तिला झोप लागून गेली होती.